लिवनोरबाईंच्या खिडकींतील किल्ला

ज्या गजवदनानें मनुष्यास डोळे दिधले, आणि दिसतें तें सर्वच खरें नसतें म्हणोन डोळ्यांवर पापण्याही दिधल्या, त्यास आधीं दंडवत. मग जी सरस्वती लिहिणाराच्या बोरूपाशीं बसते आणि त्यानें फार खोटें लिहूं नये म्हणोन पाळत ठेविते, तीसही दंडवत. शके सोळाशें पंचावन्न, प्रमादीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं अमुक एका राज्यीं जें वर्तमान जाहलें तें येथें लिहिलें असे. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण नांव लिहिलें म्हणजे कोणी तरी विचारील कीं कां लिहिलें. एक परदेशची तसबीर, जी बोलली नाहीं कीं जागची हालली नाहीं, तिजपायीं सटवोजी कणसे नामें करवंदगडच्या किल्लेदाराचे गर्दनेवर आणि नांवावर कैसी पाळी आली, तें सांगणें आहे. ऐकणारांनीं सावध होऊन ऐकावें, आणि आम्हांवरही थोडा संशय ठेवावा, आमची हरकत नाहीं.

तर तें राज्य ऐसें. धनी तरुण, मनाचे मऊ, कोणास दुखवूं न जाणणारे. परंतु खोड एकच, कीं जो शेवटीं बोले त्याचेंच त्यांस खरें वाटे. हें दरबारीं सर्वांस ठाऊक, म्हणोन आधीं कोणी बोलेना, आणि बोलिला तरी पुन्हा शेवटीं बोलावयास थांबून राही, आणि सकाळीं भरलेला दरबार दिवेलागणीस उठे, आणि म्हातारे मुत्सद्दी खांबास टेकून डुलक्या घेत. त्या सर्वांहून शेवटीं बोलणारे कारभारी तिमाजीपंत. पंतांस पाठ भिंतीस न लावितां बसलेलें आम्ही कधीं पाहिलें नाहीं. त्यांनीं राज्यीं रिवाजच ऐसा घातला कीं परराज्यांतून जो नजराणा येईल त्याचा आधीं हेतु काढावा आणि मग तो स्वीकारावा. अत्तर आलें तर आधीं बकरीस लावावें. एकदां पोपट आला, तो बोलेना. पंत म्हणाले, "बोलत नाहीं त्या अर्थीं पढविलेला आहे," आणि पोपट पिंजर्‍यांत होताच, तो पिंजर्‍यासकट कोठडींत घातला. मग घड्याळ आलें, तें टिकटिक करी, तें विहिरींत टाकिलें, आणि विहिरीवर पहारा बसविला. घाटापलीकडला शेजारचा राजा मात्र दर वैशाखीं फणस पाठवी. फणसांत काय हेतु असावा, ऐसें म्हणोन ते पंत स्वतः खात.

ऐशांत किनार्‍यावरून फिरंगी वकील आला. नांव दों गास्पार, वर्ण तांबडा, बोलणें मोडकें परंतु गोड. त्यासवें भोयांच्या खांद्यावर दारायेवढी लाकडी पेटी. दरबारीं पेटी फोडिली आणि वरील कापड ओढिलें तों आंत एक स्त्री बसलेली. शिपायांनीं तरवारींस हात घातला, आणि मग कळलें कीं रंगानें काढिलेली आहे. वकील मुजरा करून म्हणाला, "ह्या आमच्या राजाच्या मावसबहीण, दोना लिओनोर. आमच्या देशीं चाल आहे, स्नेहाचे दरबारीं थोर घरच्या माणसाची तसबीर पाठवावी. तसबीर आली म्हणजे माणूस आलें. भिंतीस लावावी, मान द्यावा, इतकेंच मागणें." तें नांव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणोन सर्व लिवनोरबाई म्हणूं लागले आणि आम्हीही तेंच लिहितों. बाई उंच पाठीच्या खुर्चीवर बसलेली, अंगीं काळ्या मखमलीचा घोळदार पोषाख, त्याखालीं पाय आहेत कीं नाहींत तें कळेना. गळ्याभोंवतीं पांढर्‍या जाळीचें कडें, जात्याच्या तळीयेवढें, आणि त्यावर मुख आणून ठेविल्यासारखें दिसे. मोत्यांचे सर पोटापर्यंत. एक हात कातडी मोज्यांत, दुसरा उघडा, आणि त्या उघड्या हातीं मिटलेला पंखा. पायाशीं लहानसें कुत्रें. मुखावर हंसूं नाहीं आणि रागही नाहीं. मागें जांभळा पडदा अर्धा सारलेला, पडद्यापलीकडे खिडकी, खिडकींतून एक डोंगर, डोंगरावर किल्ला, किल्ल्याचे दरवाजाशीं गोल बुरूज, आणि खालीं उतरणारी नागमोडी वाट. हें सर्व ठीक, परंतु बाईच्या डोळ्यांचें काय लिहावें? फौजेचे सरनोबत डावीकडे सरकले, बाई त्यांजकडेच पाहातसे. उजवीकडे गेले, तरी पाहातसे. खांबाआड जाऊन हळूच डोकावले, तों तेथेंही डोळ्यास डोळा भिडला, आणि ज्यांनीं तोफांसमोर छाती काढिली ते घाम पुसूं लागले आणि म्हणाले, "ही बाई मजवर नजर ठेवून आहे." सबनीस म्हणाले, "तुम्हांवर कशाला? मघांपासून मजकडे पाहाते आहे." मग दोघांत तंटा जाहला, आणि मग दोघांसही वाटूं लागलें कीं दुसर्‍याकडे बाई पाहाते तर त्यानें काय केलें असावें.

तेव्हां पंत पुढें आले आणि हेतु काढूं लागले. "बाई हंसत कां नाहीं?" वकील म्हणाला, "आमच्याकडे थोर घरच्या स्त्रिया तसबिरींत हंसत नाहींत." "म्हणजे तसबिरीबाहेर हंसतात. कोणास हंसतात?" वकिलानें टोपी हातांत फिरविली. "पंखा मिटलेला कां?" "थंडीचे दिवस होते." "थंडी होती तर पंखा हातीं घेतलाच कां?" वकिलानें खांदे उडविले, आणि खांदे उडविणें हेंही पंतांनीं मनांत ठेविलें. मग बोट खिडकीकडे नेऊन विचारलें, "आणि हा किल्ला कोणाचा?" वकील लागलाच म्हणाला, "बाईसाहेबांचा आपला. माहेरचा. तेथेंच त्यांचा जन्म. आमच्याकडे रीतच आहे, माणसामागें त्याची जागा काढावी." आतां सांगतों, वकील अक्षर न अक्षर खरें बोलिला, आणि तेथेंच घात जाहला. पंत हंसले आणि धन्याकडे वळून म्हणाले, "विचारल्याबरोबर उत्तर! म्हणजे पाठ करून आणिलें आहे. खरें सांगणारा आठवतो, अडखळतो, डोकें खाजवितो." मग तसबिरीस नाक लावून पाहिलें, मागें सरून पाहिलें, एक डोळा मिटून पाहिलें आणि म्हणाले, "धनी, हा करवंदगड आहे." दरबारीं सगळ्यांची पांचावर धारण बसली. कारण करवंदगड म्हणजे घाटाच्या तोंडीं बसलेला पहारेकरी. त्याच्या थोरल्या बुरजाखालून एकच वाट राज्यांत उतरते, आणि बुरूज आहे तोंवर पलीकडून कोणाची छाती होत नाहीं.

करवंदगडचा किल्लेदार सटवोजी कणसे त्याच दिवशीं सालाच्या मुजर्‍यास आलेला. उंच, नाक वांकडें, बोलणें मोजकें. थोरला बुरूज त्याच्या आज्यानें बांधिला, आणि बाप त्याच बुरजावर गोळा लागून पडला. त्यास पुढें बोलाविलें. त्यानें तसबीर पाहिली आणि सरळ म्हणाला, "धनी, ह्यो आपला गड न्हाई. आपल्या बुरजाखाली काळा कातळ हाय. हितं खालपातुर झाडी हाय." पंत म्हणाले, "पाहतांक्षणीं फरक सांगितला. म्हणजे यानें ही तसबीर आधीं पाहिलेली आहे." सटवोजी म्हणाला, "म्या माझा गड रोज बघतो, पंत. म्हून कळलं." "फिरंगी चितारी गडावर कोणीं घेतला?" "कुणी बी न्हाई. गडावर परकं माणूस येत न्हाई." "इतका कडक पहारा? म्हणजे जो आला तो चोरून आला नाहीं, तुझ्या हुकुमानें आला." हें ऐकोन मुत्सद्द्यांनीं माना डोलाविल्या. आमचीही मान डोलावी ऐसें तें बोलणें होतें, परंतु सटवोजीच्या तोंडाकडे पाहिलें आणि मान जागींच राहिली. राज्यीं फितुराची शिक्षा एकच, कडेलोट, आणि किल्लेदार असेल तर आपल्याच गडाच्या कड्यावरून. सटवोजीनें पागोटें काढून धन्याच्या पायांशीं ठेविलें आणि म्हणाला, "धनी, मान घ्यायची तर घ्या. पर फितूर म्हणू नका. माझी पोरं ह्याच मुलखात नांदायची हैत." धन्याच्या डोळ्यांत पाणी आलें. परंतु शेवटीं बोलिले पंत, आणि चौकशी होय तोंवर सटवोजीची तरवार काढून घेतली, आणि त्यास देवडीवर बसविलें, आणि पंतांनीं बाजारांत फितूर म्हणोन त्याचा पुकाराही करविला. फिरंगी वकील अटकवावा कीं काय, हाही विचार निघाला, पंत म्हणाले, "तो अटक होण्यासच आला असेल." म्हणोन त्यास विडा देऊन वाटेस लाविलें, आणि जातां जातां तो वळून वळून तसबिरीकडे पाहात होता, जैसा कोणी लेक सासरीं सोडून जावा तैसा. त्याचाही पंतांनीं अर्थ काढिला, तो लिहीत नाहीं.

मग ही खबर जनानखान्यांत गेली. धन्याच्या मातुश्री गजराबाईसाहेब यांनीं निरोप धाडिला कीं थोर घरची बाई आली आहे, ती पुरुषांत कां उभी केली, आंत पाठवा. पंतांस तें रुचलें नाहीं, परंतु मातुश्रींपुढें उपाय नाहीं; तसबीर मेण्यांत घालून, मेण्यास पडदा लावून आंत नेली. आम्ही तेथें नव्हतों. तेथील बोलणें एका विश्वासू कुणबिणीच्या मुखें कळलें, आणि विश्वासू म्हणविते म्हणोन आणखी दोघीतिघींस वेगवेगळें विचारून मग लिहिलें. मातुश्री तसबिरीसमोर बसल्या आणि पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, किती दमलीय ही पोर! त्या चितार्‍यानं किती वेळ ताटकळत बसवली असेल. आणि वर हसायचं म्हणे. पंतांना म्हणावं, त्या कड्यात मान अडकवून बसा सकाळपासून, मग हसून दाखवा." एकीनें भीत भीत विचारलें, "आणि तो मागचा किल्ला, बाईसाहेब?" मातुश्री म्हणाल्या, "माहेर आहे तिचं. परक्या घरी भिंतीला लागणार ती. डोळ्यांपुढं नाही तर नाही, पाठीशी तरी असावं. कुठल्या बाईला हे सांगावं लागतं?" मग ओटीचा प्रश्न निघाला. आपल्याकडे घरीं आलेल्या बाईस ओटी भरल्याविना ठेवीत नाहींत, आणि बाई सवाशीण कीं कैसें हें वकिलास कोणीं विचारलेंच नव्हतें. बायकांत कुजबूज जाहली. मातुश्री म्हणाल्या, "कोणी का असेना, लेकच आहे," आणि उठून खण, नारळ आणि तांदूळ तसबिरीच्या चौकटीपाशीं ठेविले. मग लेकास बोलावून म्हणाल्या, "सटवोजीला मोकळा कर. त्याच्या बापाला मी ओळखत होते. तुझ्या मुंजीत खांद्यावर घेऊन नाचला होता तो." धनी म्हणाले, "करितों, आईसाहेब," आणि त्या घटकेस त्यांचें मन खरेंच हलकें जाहलें होतें.

परंतु जनानखान्याच्या दाराशीं पंत उभे. ओटी भरल्याचें त्यांस कळलेंच होतें. धनी बाहेर येतांच म्हणाले, "मातुश्रींनीं ओटी भरली, म्हणजे बाईस या घरची लेक केलें. लेक जाहली म्हणजे माहेर आलें. उद्यां फिरंगी विचारील, आमच्या बाईचें माहेर कोठें आहे? आणि तसबिरीकडे बोट करील. माहेर मागें काढूनच आणिलें आहे, धनी! करवंदगड! लेकीनें माहेरीं यावें, तीसवें चार माणसें यावीं, चार माणसांसवें चार तोफा याव्या, नाहीं कोण म्हणेल?" धनी खालीं मान घालून ऐकत राहिले, आणि सटवोजी देवडीवरच राहिला. मातुश्रींनीं पुन्हा बोलाविणें धाडिलें तेव्हां सांगण्यांत आलें कीं धनी मसलतींत आहेत. आमचा संशय ऐसा कीं तो निरोप धन्यांपर्यंत पोंचलाच नाहीं, परंतु सिद्ध करतां येत नाहीं.

मग पंतांनीं युक्ति काढिली कीं तसबीर गडासमोर नेऊन ताडून पाहावी. पौषाची थंडी, आणि धनी, पंत, सरनोबत आणि मेण्यांत लिवनोरबाई, ऐसी स्वारी घाट चढूं लागली, आणि मागून दोन शिपायांमध्यें सटवोजी. वाटेंत खेडुतांनीं मेणा पाहिला आणि कोणी राणीसाहेब जातात म्हणोन जोहार केला. गडासमोरच्या टेकाडावर तसबीर उभी केली. पंतांनीं एकदां तसबीर पाहिली, एकदां गड पाहिला. तसबिरींत दरवाजाशीं एक बुरूज. गडास दोन, थोरला आणि धाकटा. तसबिरींत वाट डावीकडून, गडाची उजवीकडून. तसबिरींत झाडी, गडाखालीं कातळ. भोयांसही कळेल ऐसें तें होतें, आणि सरनोबत बोलूनही गेले कीं जुळत नाहीं. सटवोजीच्या मुखावर पहिल्यानें रंग आला. तो म्हणाला, "पंत, आता तुमच्याच डोळ्यांनी बघा. हितलं एक तरी मिळतंय का?" पंतांनीं तसबिरीभोंवतीं एक फेरी घातली, आणि आम्हांस वाटलें कीं सुटला बिचारा.

पंत बोलले ते ऐसें. "जो चोर घराचा नकाशा काढितो, तो हुबेहूब काढील काय? पकडला जाईल ना! म्हणोन वाट फिरविली, झाडी घातली, धाकटा बुरूज गाळिला. सर्व बदलिलें आणि एकच वस्तु जैसीच्या तैसी ठेविली, तो थोरला बुरूज. कां? कारण तीच त्यास पाहिजे. त्याच्या गोलंदाजांनीं हा बुरूज पाठ केला असेल. डोळे मिटून गोळा मारतील." धन्यांनीं भीत भीत विचारलें, "मग करावें काय?" पंत म्हणाले, "तसबीर खोटी पाडावी. बुरूज उतरवावा. फिरंगी येईल, तसबिरींतला बुरूज शोधील, बुरूज नाहीं, मग भलत्याच डोंगरास वेढा घालून बसेल." हें ऐकोन सटवोजी धांवत पुढें आला. शिपाई आडवे आले, त्यांस ढकलून तो म्हणाला, "धनी, बुरूज पाडला तर वाट उघडी पडंल! फिरंगी हिकडं कशाला येतोय, त्यो समुद्रावरचा. पर पलीकडं शेजारी हाय. माझा कडेलोट करा. आज करा. दुसरा किल्लेदार मिळंल. पर बुरूज र्‍हाऊ द्या." धनी पंतांकडे पाहूं लागले. पंत शांतपणें म्हणाले, "दगडांसाठीं जीव देतो. त्या दगडांत काय दडवून ठेविलें आहे?" मग हुकूम ऐसा जाहला: सटवोजी खरा इमानी असेल तर त्यानें पहिला दगड आपल्या हातें काढावा, न काढील तर फितूर ठरला, आणि त्याच्या पोरांनींही तेंच नांव वागवावें. सटवोजी खालीं बसला. मग उठला आणि पहार हातीं घेतली. आज्यानें बसविलेला दगड तो, सहजासहजीं निघेना. तो निघाला तेव्हां सटवोजी ओक्साबोक्शी रडला, आणि आम्हीही रडलों. जो कोणी म्हणेल कीं बखर लिहिणारानें रडूं नये, त्यानें तें दृश्य पाहावयास हवें होतें.

फाल्गुनाअखेर बुरूज जमिनीस लागला. आंत कांहीं निघालें नाहीं, चुना आणि दगड. पंत म्हणाले, आधींच काढून नेलें असेल. ऐशा संशयाच्या गडावर जावयास दुसरा कोणी राजी होईना, म्हणोन किल्लेदारी सटवोजीकडेच राहिली, तरवारही परत दिली, आणि त्याजवर नजर ठेवावयास दोन माणसें ठेविलीं, आणि त्या दोघांवर तिसरें. सटवोजीनें पडलेले दगड रचून खिंडारास निदान कमरेइतका बांध घालावयास आरंभ केला, तों हुकूम आला कीं बांध घालूं नये, उंच होईल तर तसबिरीशीं पुन्हा जुळेल. त्यानें हुकूम ऐकिला आणि दगड खालीं ठेविले. त्या दिवसापासून तो खिंडारांतच बसूं लागला, तेथेंच भाकर खाई, आणि पलीकडच्या घाटाकडे पाहात राही. नजर ठेवणारांनीं तेंही कळविलें, कीं किल्लेदार सदा शत्रूच्या वाटेकडे पाहातो.

संवत्सर पालटलें, आनंदनाम लागलें, आणि वैशाखीं शेजारच्या राजाचे फणस आले. ते घेऊन येणारे लोक गडाखालून आले तैसेच गेले, आणि जातांना त्यांनीं मान वर करून पाहिलें. त्यांस हेतु काढावयास नको होता, वर आभाळच दिसत होतें. मग अमावास्या होते तों शेजारच्या राजाची फौज घाटांत उतरली. गडावर माणसें थोडीं. सटवोजीनें त्यांस म्हटलें, "ज्येला जायचं त्येनं जा, घरी पोरंबाळं हैत. म्या हितंच हाय." गेले थोडके, राहिले बाकीचे. आणि जेथें आज्याचा बुरूज होता त्याच खिंडारांत सटवोजी ढाल घेऊन उभा राहिला, आणि सकाळपासून उन्हें डोक्यावर येतों फौज तेथून पुढें सरकली नाहीं. मग तो पडला, आणि वाट मोकळी जाहली, आणि तिसर्‍या प्रहरीं शेजारी राजधानींत होता. लढाई म्हणावी ऐसें तेथें कांहीं जाहलें नाहीं. सरनोबत शरण आले. शेजारच्या राजानें वाडा पाहिला, दिवाणखान्यांत लिवनोरबाई भिंतीस टेकून उभी होती, तिजसमोर थबकला आणि विचारलें, "ही कोण?" कोणी सांगितलें, फिरंगी देशची थोर बाई. "आणि मागला किल्ला?" सर्व एकमेकांकडे पाहूं लागले. राजा स्वतःच म्हणाला, "तिचाच असेल," आणि जेवण मागविलें.

त्याच रात्रीं तह जाहला, कीं धन्यांनीं पलीकडे जाऊन शेजार्‍याचे दरबारीं मुजरा करावा आणि एक गांव घेऊन राहावें. म्हणोन उजाडतांच धनी, मातुश्री आणि पंत ऐसे घाट चढून निघाले, आणि वाट तीच, खिंडाराखालून. शेजारचा राजा शूरांचा मान जाणणारा. त्यानें सटवोजीस तेथेंच, पाडलेल्या दगडांवर, स्वच्छ कापडावर निजविलें होतें, आणि धन्यांनीं अखेरचें पाहावें म्हणोन अग्नि द्यावयाचा ठेविला होता. सटवोजीची बायको आणि तीन पोरें उशाशीं बसलेलीं. त्यांतला वडील मुलगा कोणाकडे पाहात नव्हता. धनी पायउतार जाहले. छातीवर जखमा इतक्या कीं पाहवेना, पाठीवर एकही नाहीं.   आणि तेव्हां पंत पुढें वांकले, जखमा पाहिल्या, खिंडार पाहिलें, घाटाकडे पाहिलें, आणि हळू आवाजांत धन्यांस म्हणाले, "एक विचारणें आहे. शत्रु नेमका येथूनच येणार, हें यास आधीं कैसें ठाऊक?"

मातुश्री मेण्यांतून उतरल्या. पंतांकडे पाहून म्हणाल्या, "कारण भोक इथंच होतं, पंत. तुम्ही पाडलेलं." मग अंगावरची शाल काढून सटवोजीवर घातली, आणि त्याच्या वडील मुलाच्या पाठीवर हात ठेवून तेथेंच दगडावर बसल्या, आणि सरण पेटतों उठल्या नाहींत. धनी त्यांजशेजारीं बसले. पंत उभेच राहिले, पाठ टेकावयास तेथें भिंत नव्हती.

ऐसी ही हकीकत. बुरूज फिरंग्यानें पाडिला नाहीं, शेजार्‍यानेंही पाडिला नाहीं, आमच्या आम्हींच पाडिला. आणि सटवोजी कणसे फितूर होता ऐसें बाजारांत जें पुकारलें गेलें, तें नंतर कोणीं मागें घेतलें नाहीं, कारण मागें घेणारें राज्यच उरलें नाहीं. त्याचे वंशीं कोणी असेल आणि त्यास कोणी त्या नांवानें हिणवीत असेल, त्यानें हा कागद दाखवावा. त्याजसाठींच लिहिला आहे. बाकीच्यांनीं वाचला तरी चालेल. इति.